दुधातलं विसण

कल्याण स्टेशनवरच्या बायकांच्या वेटिंग रूमची मी बाई होते. कागदोपत्री अटेंडंट. काम काय, तर आत येणारीचं तिकीट बघायचं, वहीत नाव लिहून घ्यायचं, आरामखुर्चीवर ओली साडी वाळत घालू द्यायची नाही आणि एखादा पुरुष आत डोकावला तर त्याला दाराबाहेर उभं करायचं. पगार मिळायचा तो या कामाचा. पण मला कुणी विचारलं, द्वारकाबाई, तुम्ही नोकरीत काय केलंत, तर मी सांगते, लोकांच्या पोरांचं दूध केलं. ते काम कुठल्याच नियमात नव्हतं आणि त्याचाच मला अभिमान आहे. फक्त एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे तो अभिमान मला पुरता मिरवता येत नाही. तीही सांगणार आहे, पण जरा दमानं.

स्वातंत्र्य मिळाल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. माझे यजमान रेल्वेत होते, ते अचानक गेले. मी मराठी सातवी पास, म्हणून साहेबांनी ही नोकरी दिली. पदरात एक मुलगी. ती अंगावर पिऊन मोठी झालेली, त्यामुळे बाटली, डबा यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आमच्या टिटवाळ्याच्या माहेरी फार तर चांदीचं बोंडलं असायचं, तेही गुटी पाजण्यापुरतं.

कल्याण म्हणजे जंक्शन. नाशिककडून आलेल्या माणसाला पुण्याकडे जायचं तर इथं उतरून गाडी बदलायची. मधे तीन-चार तास जायचे. मोठी माणसं तेवढा वेळ चहावर काढतात, तान्ह्या पोराला घड्याळ कळत नाही. बहुतेक बाया पदराखाली घेऊन बसायच्या, त्यांना माझी गरज नव्हती. पण मधूनच एखादी अशी यायची की तिच्या पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा आणि होडीसारखी, दोन्ही टोकांना तोंड असलेली काचेची बाटली असायची. कुणाचं दूध आटलेलं, कुणाला जुळं, कुणी टायफॉइडमधून उठलेली. त्या बाईनं बाटली बाहेर काढली की खोलीतल्या बाकीच्या बायका अशा बघायच्या की जणू हिनं पोर रस्त्यावर टाकलंय. मग ती भिंतीकडे तोंड करून बसायची. एक तर मला कानात म्हणाली होती, "बाई, मला दूधच येत नाही हो," आणि त्यात इतकी शरम होती की मीच रडले. तेव्हापासून मी मागच्या व्हरांड्याजवळची खुर्ची अशा बायांसाठी राखून ठेवू लागले. तिथं बसलं की खोलीकडे पाठ व्हायची.

दूध करायला मला शिकवलं ते फिलोमिना सिस्टरनं. रेल्वेच्या दवाखान्यात ती नर्स होती, मूळची वसईची, वयानं माझ्याहून मोठी. तिचं बोलणं सरळसोट. बाटली उकळायची, रबरी निपल उकळायचं, पाणी खळखळा उकळायचं. हात साबणानं धुवायचे. डब्यातल्या मापानं पावडर घ्यायची, सुरीच्या पाठीनं माप सपाट करायचं. हाताच्या मनगटावर थेंब टाकून बघायचा. पोरानं अर्धवट टाकलेलं दूध तासाभरानं पुन्हा पाजायचं नाही, ओतून द्यायचं. आणि वाटेसाठी दूध कालवून द्यायचं नाही. उकळलेलं पाणी वेगळ्या बाटलीत द्यायचं, पावडर कोरडी डब्यात राहू द्यायची, गाडीत लागेल तेव्हा कालवायची. "घरी आई चुकली तर दुरुस्त करायला शेजारीण असते," सिस्टर म्हणायची, "गाडीत कोण आहे? म्हणून तुझ्या हातून चुकायचं नाही."

आता उकळायचं कशावर, हा प्रश्न होता. वेटिंग रूममध्ये स्टोव्ह पेटवायला सक्त मनाई. प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्याकडे गरम पाणी मिळायचं, पण गरम आणि उकळलेलं यात फरक असतो हे सिस्टरनं माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. शेवटी मी घरचा पितळी स्टोव्ह आणला आणि मागच्या व्हरांड्यात, मोरीच्या कोपऱ्यात ठेवला. चार दिवसांनी स्टेशन मास्तर फेरीला आले. स्टोव्ह धडधडत होता. मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, मला इथं काही दिसत नाहीये. पण जे दिसत नाहीये त्याचा आवाज तेवढा कमी करा." मास्तरांची ही परवानगी शेवटपर्यंत टिकली.

गिऱ्हाइकं एकेक अशी यायची की विचारू नका. ठाण्याच्या कोर्टातले एक निवृत्त शिरस्तेदार आठवतात. सून पुण्याला आजारी, म्हणून पाच महिन्यांच्या नातवाला तिच्या माहेरी घेऊन निघालेले, सोबत एक म्हातारी बहीण. बहीण आत, हे दारात, कारण पुरुषाला आत मनाई. मी स्टोव्ह पेटवायला निघाले तसे म्हणाले, "त्रास घेऊ नका. दूध सकाळी सहाला करून थर्मासमध्ये भरलंय. आत्ता केल्यासारखं कोमट आहे." आणि थर्मासचं झाकण त्यांनी असं उघडलं की कोर्टात पुरावाच सादर करताहेत. मी म्हटलं, "साहेब, घरी दही कसं लावता?" ते म्हणाले, "कोमट दुधात विरजण घालून उबेला ठेवतात." मी म्हटलं, "मग तुम्ही सकाळी सहापासून दुसरं काय करताय?" शिरस्तेदारांनी झाकण परत लावलं. थर्मास उचलून प्लॅटफॉर्मच्या कडेला गेले आणि स्वतःच्या हातानं दूध ओतून आले. परत येऊन म्हणाले, "मुद्दा मान्य आहे." मग नवीन दूध होईपर्यंत दारात उभं राहून मला प्रत्येक पायरीचं कारण विचारत होते.

दुसरी एक आजी नगरकडची. नातीला बाटलीचं दूध पचत नाही, पोर सारखं कुंथतंय, म्हणून कावलेली. मी म्हटलं, माझ्यासमोर करा बघू. आजीनं चमचा डब्यात खुपसला आणि वर चांगली शीग लावून पावडर घेतली, ज्वारी मोजावी तशी. मी सुरीच्या पाठीनं शीग उतरवली तर तिनं माझा हातच धरला. "अवो, नातीला सपाट माप घालू व्हय? मी काय दुकानदार हाय?" तिच्या गावात सपाट माप घालणं म्हणजे समोरच्याचा अपमान. घट्ट दुधानं पोराचं पोट बिघडतंय हे पटवायला मला अर्धा तास लागला. शेवटी तिनं सपाट माप घातलं, पण मानेनं नाही-नाही म्हणतच घातलं. त्या बाईवर मला रागावता आलं नाही. प्रेमानंच शीग लावत होती बिचारी.

या सगळ्यातून माझं नाव झालं होतं. गार्ड लोक बायकांना सांगायचे, कल्याणला उतरलात की द्वारकाबाईंकडून दूध करून घ्या. मी पण जरा फुगलेच होते. दोन वर्षं झाली होती मला या कामात, आणि दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला नादच लागला होता.

तेव्हा एके दिवशी दुपारी कुसुम आली. वीस-एकवीसची असेल, लग्न व्हायचं होतं. जळगावकडची. वडील बरोबर होते, ते ट्रंकेवर बाहेर बसले. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचा मुलगा, तिच्या मोठ्या बहिणीचा. बहीण बाळंतपणात गेली. तीन महिने हिनंच त्याला वाढवलं आणि आता पुण्याला त्याच्या वडिलांकडे, आजीच्या हाती पोचवायला निघाली होती. तो एका हातानं तिच्या गळ्यातली मण्यांची पोत धरून झोपायचा. ती सोडवून घेतली की जागा व्हायचा, म्हणून ती वाकूनच बसली होती.

"आठ दिवस राहीन तिथं, त्याला आजीची सवय लागेपर्यंत," ती म्हणाली. "मग परत येताना इथूनच जाईन."

"आणि तुला त्याची सवय आहे ती?" मी विचारलं. ती हसली आणि त्याचं झबलं नीट करत राहिली. मला माझ्या जिभेचा राग आला.

तिला दूध करता येत होतं, पण मी म्हटलं, तू बस, मी करते. बाटली उकळली, पाणी उकळलं, माप सपाट केलं, सगळं शास्त्रोक्त. तेवढ्यात पुण्याच्या गाडीची घंटा झाली. दूध कढत होतं. पोर रडत होतं, बाहेरून वडील हाका मारत होते. बाटली गार पाण्यात धरून बसायला वेळ नव्हता. मी नेहमीसारखं व्हरांड्यातल्या माठातलं दोन चमचे पाणी वरून घातलं, मनगटावर थेंब टाकला. बरोब्बर कोमट. वाटेसाठी पाण्याची बाटली भरली, तीही कढत, तिच्यातही चार चमचे घातले. पोर दूध पिऊन शांत झालं. कुसुमनं मला वाकून नमस्कार केला आणि गाडी गेली.

नेहमीसारखं, असं मी लिहिलं, ते मुद्दाम. दोन वर्षं मी हेच करत होते. आंघोळीचं पाणी कढत झालं की आपण काय करतो? विसण घालतो. आईनं घातलं, आजीनं घातलं, हात आपोआप जातो. पाणी उकळून घ्यायचं हे मला पाठ होतं. पण विसण म्हणजेही पाणीच, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. विसण म्हणजे विसण. सिस्टरनं कधी सांगितलं नाही, कारण असं कुणी करेल हे तिच्या स्वप्नातही नसणार.

गाडी जाऊन अर्धा तास झाला असेल, सिस्टर आली. पावसाळ्याचे दिवस होते, नळाला गढूळ पाणी येत होतं, दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढले होते, तेच सांगायला आली होती. मी दुसऱ्या एका पोराचं दूध करत होते. "पाणी नीट उकळतेस ना?" तिनं विचारलं. मी ठसक्यात म्हटलं, "बघा की तुम्हीच," आणि तिच्या डोळ्यांदेखत माठात चमचा बुडवला.

"हे काय घातलंस?"

"विसण."

"कुठलं पाणी?"

"माठातलं. सकाळीच भरलंय."

सिस्टरनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि मोरीत ओतली. "द्वारका," ती म्हणाली, "मग उकळलंस कशाला?"

ती एवढंच बोलली. दोन वर्षांत माझ्या हातचं दूध पिऊन किती पोरं कुठं कुठं गेली, त्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. वहीत आयांची नावं होती, पत्ते नव्हते. त्या पोरांसाठी मला काही करता येणार नव्हतं. पण एक पोर अजून गाडीत होतं आणि त्याच्या मावशीच्या पिशवीत माझ्या हातच्या पाण्याची बाटली होती.

मी धावत मास्तरांच्या खोलीत गेले. "मास्तर, कर्जतला फोन करा. पुण्याच्या गाडीत, बायकांच्या डब्यात एक मुलगी आहे, कुसुम नाव. तान्हं पोर आहे मांडीवर."

"काय विसरली? छत्री?"

"विसरली नाही. मी दिलंय ते परत घ्यायचंय." मी सगळं सांगितलं. सांगताना माझी मान वर होत नव्हती.

मास्तरांनी चष्मा काढला. तो फोन गाड्यांच्या कामाचा, त्यावर खासगी बोलणं म्हणजे मेमोच. "आणि कर्जतला काय सांगू, बाई? विसण पडलं म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी फोन उचलला. मास्तर साऱ्या लाईनशी इंग्रजीत बोलत. त्या दिवशीही सुरुवात इंग्रजीतच झाली, पण विसणापाशी येऊन अडकले आणि पुढचं सगळं मराठीत सांगितलं. पाण्याची बाटली ओतून टाका. नवीन पाणी खळखळा उकळून द्या. वरून कच्च्या पाण्याचा थेंबही घालू नका, तिलाही तसंच बजावा. विसण घालायचं नाही म्हणावं, बाटली बाहेरून गार करायची. हे त्यांनी समोरच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घाट चढायला मागून इंजिनं जोडतात म्हणून कर्जतला गाडी जास्त थांबते. त्या दिवशी त्याबद्दल मी कर्जतच्या घाटाचे पाय धरले असते. अर्ध्या-पाऊण तासानं उलट फोन आला. मुलगी सापडली. पाणी ओतलं. स्टॉलवाल्यानं समोर उभं राहून नवीन उकळून दिलं. विसणाचं सांगितलं तेव्हा तिनं कारण विचारून घेतलं आणि नीट समजलं म्हणाली.

"झालं?" मास्तर म्हणाले.

कसलं झालं? वाटेतलं पाणी वाचलं, पण पहिली बाटली तर माझ्या समोरच त्याच्या पोटात गेली होती. ती कुठल्या फोननं परत येणार?

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माठ उचलून पुढच्या दारात नेला, मोठ्या माणसांसाठी. व्हरांड्यात पत्र्याचं घमेलं आणलं, त्यात गार पाणी घालून बाटली बाहेरून निववायची. प्रत्येक आईला सांगत सुटले, विसण घालू नका. पुष्कळजणी चपापायच्या, म्हणजे त्याही घालतच होत्या. घरी मुलगी म्हणायची, आई, तू हल्ली जेवत का नाहीस. आठवा दिवस गेला. पुण्याकडून गाडी आली की मी दारात. नववा गेला. मला नको नको ते दिसू लागलं.

दहाव्या दिवशी सकाळी कुसुम आली, वडील पुन्हा बाहेर ट्रंकेवर. हात रिकामे. पोर तिथंच ठेवून येणार हे मला ठाऊक होतं, तरी माझी नजर त्या रिकाम्या हातांवरून हटेना. तिनं तिकीट पुढं केलं. मी ते घेतलंच नाही.

"बाळ?" मी विचारलं.

"आजीकडे आहे," ती म्हणाली. "मला सोडतच नव्हता. पोत देऊन आले त्याला."

मी तिथंच बाकावर बसले. ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "तिथं गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं होतं त्याचं. दोन दिवस काही खरं नव्हतं. डोळे खोल गेले होते. डॉक्टर घरी येऊन सुई देऊन गेले. तिसऱ्या दिवशी हसला. आता बरा आहे, चांगला पितो."

मला गप्प बसता आलं असतं. कर्जतच्या माणसानं तिला फक्त वाटेतल्या पाण्याचं आणि विसणाचं सांगितलं होतं, पहिल्या बाटलीचं कुणीच काही बोललं नव्हतं. पण ते पोर दोन दिवस तडफडलं होतं आणि ती ते माझ्याच शेजारी बसून सांगत होती. मी म्हटलं, "कुसुम, ते माझ्यामुळे झालं. घाई होती म्हणून नाही, मी नेहमीच घालायचे. तुझ्यासमोर जी बाटली पाजली त्यात मी माठातलं विसण घातलं होतं."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, आता ही उठून जाईल, आणि ती गेली असती तर मी काही म्हटलं नसतं.

"पुण्याला पोचल्यावर पहिल्या दिवशी मीही घातलं होतं विसण," ती म्हणाली. "सवय हो. तुमच्या हातचं बाधलं की माझ्या हातचं, कोण सांगणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मला किती हलकं वाटलं ते लिहून कळणार नाही. मी तिला चहा आणून दिला, माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली. खाता खाता ती बोलू लागली. बाळाची आजी कशी आहे, प्रेमळ आहे पण जुन्या वळणाची, बाळ तिच्याकडे आधी कसा जाईना. "मला हसायच्या त्या," कुसुम म्हणाली. "घरात पाऊल टाकल्यापासून मी त्यांना बाटलीला हात लावू दिला नाही. मी आपली प्रत्येक वेळी बाटली पातेल्यात धरून निववत बसायची. त्या म्हणायच्या, चमचाभर विसण घातलंस तर काय हात झिजतील? मी म्हटलं, थेंबभरसुद्धा घालणार..."

आणि ती थांबली. तिच्या लक्षात आलं. कानापर्यंत लाल झाली आणि खाली बघून पोळीचा तुकडा मोडत राहिली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "भाजी घे अजून." मला काही ऐकू आलं नाही असंच दाखवलं. तिच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी खोली सोडून तिला डब्यापर्यंत पोचवायला गेले, असं कुणाला पोचवायला गेले ते पहिल्यांदाच. वयानं ती माझ्या लेकीसारखी. आईविना पोर तीन महिने छातीशी धरून वाढवलं आणि दुसऱ्याच्या हाती देऊन परत निघाली होती. त्या दिवशी कुणी कुणाला समजवायचं तर मी तिला समजवायला हवं होतं, आणि ती मात्र माझ्यासाठी खोटं बोलून गेली.